मूळचे कुठले?

आपल्याकडे अनोळखी माणसाशी ओळख करून घ्यायची असली म्हणजे नाव विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "आपण मूळचे कुठले?" दिवाळीच्या सुट्टीत गावाकडे निघालेल्या गाडीत समोरासमोर बसलेल्या दोन कुटुंबांमध्ये पनवेल येईपर्यंत हा प्रश्न निघाला नाही, असे सहसा होत नाही. गंमत अशी की, उत्तर देणारा गृहस्थ गिरगावात जन्मलेला असतो, त्याचे वडीलही तेथेच जन्मलेले असतात, आणि तरी तो बिनदिक्कत सांगतो, "आम्ही गुहागरचे." गुहागर त्याने उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलेले असते, एकदा लग्नानंतर कुलदेवतेच्या दर्शनाला आणि एकदा जमिनीच्या वाटणीला. परंतु विचारणाऱ्याला हे उत्तर मुळीच खोटे वाटत नाही. उलट 'गिरगावचे' असे कोणी म्हणालाच, तर तो पुन्हा विचारील, "ते झालं हो, पण मूळचे?"

या 'मूळचे' शब्दात तीन निरनिराळे प्रश्न एकत्र गुंडाळलेले आहेत. जन्म कोठे झाला, हा पहिला. कोणत्या कुळात झाला, हा दुसरा. आणि आपण नागरिक कोणत्या राज्याचे, म्हणजे आपल्या खिशातल्या कागदावर शिक्का कोणाचा, हा तिसरा. बहुतेकांच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांना धरून असतात. त्यामुळे प्रश्न तीन आहेत, हेच मुळी लक्षात येत नाही. ज्यांची तीन उत्तरे तीन दिशांना तोंडे करून उभी राहतात, त्यांच्याकडे पाहिले म्हणजे मग कळते की, माणसाला 'अमुक' म्हणायचे की 'तमुक', हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. आणि ते ठरवणारा बहुधा तो माणूस नसतोच.

असे लोक शोधायला फार लांब जायला नको. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहे या भागात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या बेने इस्राएलांची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकलेली असेल. फार पूर्वी एक गलबत कोकणच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावच्या किनाऱ्याजवळ पुरले, आणि वाचलेल्यांचा वंश पुढे वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. हे कोणत्या शतकात घडले याबद्दल पंडितांचे एकमत नाही, आणि आपल्यालाही त्या वादात पडण्याचे कारण नाही. या लोकांनी तेलाचे घाणे चालवले, शेती केली. ते मराठी बोलत. गावाच्या नावाला 'कर' जोडून पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर, चौलकर अशी आडनावे त्यांनी लावली. दर शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद असे. म्हणून गावाने त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'.

हे नाव मला फार विचार करण्याजोगे वाटते. गावाला त्यांचे मूळ ठाऊक नव्हते आणि त्यावाचून काही अडतही नव्हते. तेल कोणाकडे मिळते आणि कोणत्या दिवशी मिळत नाही, एवढेच गावाच्या कामाचे होते. तेवढेच नावात आले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते 'सोमवार तेली', आणि शनिवारी बंद ठेवणारे ते 'शनिवार तेली'. मोझेस, सिनाई पर्वत, दहा आज्ञा हे सगळे त्या बंद घाण्यामागे उभे होते, याची शेजाऱ्यांना गंधवार्ता नव्हती. तरीपण या नावात तुच्छता नव्हती असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तेली म्हटले की जातीच्या उतरंडीतली एक पायरी आपोआप मिळे. मात्र त्या नावासाठी कोणी पुरावा मागितला नाही.

पुढे इंग्रजी अमलात ही मंडळी मुंबईला आली, पलटणींत शिरली, कचेऱ्यांत लागली. १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. या दिवेकरांविषयी अशी कथा सांगतात की, ते कंपनीच्या फौजेत असताना टिपूच्या कैदेत सापडले, आणि 'आम्ही बेने इस्राएल' असे त्यांनी सांगितल्यावर, हे नाव तर आपल्या धर्मग्रंथात आहे असे म्हणून टिपूच्या आईने त्यांच्यासाठी रदबदली केली. कथा खरी असो वा नसो, एखाद्या नावाने प्राण वाचतात ही गोष्ट समाजाला लक्षात ठेवावीशी वाटली, यात सर्व आले. बेने इस्राएल या प्रार्थनामंदिराला 'मशीद'च म्हणत. मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले असे पुष्कळ जण सांगतात. म्हणजे यहुद्यांच्या मंदिराला मुसलमानी नाव, ते उच्चारणारे मराठी, आणि त्या नावाचे स्टेशन आगगाडीच्या इंग्रजी पाटीवर! आमच्या मुंबईला असल्या गोष्टींचे कधी काही वाटले नाही.

१८७४ साली पुण्यास छापलेले त्यांचे एक हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या सणाला वाचायचे पुस्तक, प्रसिद्ध आहे. हिब्रू मजकुराला मराठी भाषांतर जोडलेले, आणि चित्रांत बेखमिरी भाकरी करणाऱ्या बायका थेट आपल्याकडच्या, लुगडी नेसलेल्या. इजिप्तमधून सुटका झाल्याचा सण आणि पोळपाट कोकणातला. त्यात त्यांना विसंगती दिसली नाही, आणि पाहणाऱ्यालाही दिसत नाही.

परंतु याच सुमारास कुळाचा प्रश्न दोन्ही बाजूंनी डोके वर काढू लागला. बगदादकडून आलेले श्रीमंत यहुदी व्यापारी मुंबईत स्थायिक झाले होते. सुरुवातीला ते बेने इस्राएलांच्याच मंदिरात प्रार्थनेला जात. पुढे त्यांना शंका येऊ लागली की, हे सावळे, मराठी बोलणारे लोक खरोखरच आपल्यापैकी आहेत काय? दफनभूमीतदेखील मध्ये आडोसा हवा, इथपर्यंत मजल गेली. आणि दुसऱ्या बाजूने पाहावे तर खुद्द बेने इस्राएलांत 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होताच. ज्यांच्या कुळात बाहेरची बाई आली असे मानले जाई, ते 'काळे'. त्यांच्याशी गोऱ्यांचा रोटीबेटीव्यवहार नसे. ज्या मापाने बगदादी यहुद्यांनी यांना मोजले, त्याच मापाने हे आपल्यातल्या दुबळ्यांना मोजत होते. ही गोष्ट सांगितल्यावाचून पुढची हकिकत सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९४८ साली इस्राएलचे राज्य स्थापन झाले तेव्हा भारतात बेने इस्राएलांची वस्ती सुमारे २०,००० होती. पुढच्या दोन-तीन दशकांत त्यांतले बहुसंख्य लोक तिकडे गेले. कोणी त्यांना येथून हाकलले नव्हते. १९५० साली इस्राएलने परत येण्याच्या हक्काचा कायदा केला होता आणि त्यात म्हटले होते की, जगातल्या कोणत्याही यहुद्याला येथे येऊन वसण्याचा अधिकार आहे. कुळावरून नागरिकत्व देणारा हा कायदा. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत ही कोकणी मंडळी जाऊन राहिली. अलिबागेत ज्यांना लोक 'इस्राएल' म्हणत, त्यांना तेथे लोक 'होदी' म्हणू लागले. हिब्रूत 'होदू' म्हणजे हिंदुस्थान. 'होदी' म्हणजे हिंदी माणूस. ज्या नावाने वेगळे ओळखले जात होते ते नाव जेथे सर्वांचेच आहे अशा ठिकाणी ते गेले, आणि तेथे पोचताच, मागे टाकलेल्या देशाचे नाव त्यांना चिकटले. नाव नेहमी फरकावरून पडते. घरात सगळेच पेणचे असले तर कोणी कोणाला पेणकर म्हणून हाक मारीत नाही.

इथवर फारसे बिघडले नव्हते. खरा प्रसंग आला तो लग्नाच्या वेळी. इस्राएलमध्ये यहुद्यांची लग्ने रब्बींच्या हातात आहेत; नोंदणीचे वेगळे, धर्मनिरपेक्ष लग्न तेथे लागत नाही. काही रब्बी बेने इस्राएल मुलामुलींची इतर यहुद्यांशी लग्ने लावीनात. त्यांची शंका अशी होती : हे लोक शतकानुशतके इतरांपासून तुटून राहिले; तेव्हा त्यांच्यात घटस्फोट झाले असतील तर ते धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील का? नसतील, तर त्या बाईचा दुसरा विवाह अवैध, आणि त्या विवाहाची संतती व तिची संतती कायमची दूषित. १९६१ साली प्रधान रब्बींच्या मंडळाने तत्त्वतः या लग्नांना हरकत नाही असा निर्णय दिला. मात्र १९६२च्या फेब्रुवारीत रब्बींना सूचना निघाली की, वधूवरांपैकी एक जण बेने इस्राएल असेल तर त्याची आई, आईची आई, तिची आई असे शक्य तितके मागे जाऊन चौकशी करावी.

वाचकहो, एक साधा प्रयोग करून पाहा. फराळाला घरची मंडळी एकत्र जमतील तेव्हा प्रत्येकाला त्याच्या आईच्या आईच्या आईचे माहेरचे नाव विचारा. शंभरात पाच जणांना तरी सांगता येईल की नाही, याची मला शंका आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांत आपल्या सात-सात पिढ्या सापडतात खऱ्या, परंतु त्या बापाकडून बापाकडे जाणाऱ्या. बायकांच्या बाजूने मागे चालू लागले की तिसऱ्या-चौथ्या पावलाला अंधार. मग कोर्लई-थळच्या एखाद्या तेलिणीचा दीडशे वर्षांपूर्वी काडीमोड झाला होता का, आणि झाला असल्यास कोणत्या विधीने, हे बीरशेबाच्या गिरणीत काम करणाऱ्या तिच्या खापरपणतूने कोठून दाखवावे? आणि मुख्य मुद्दा हा की, पोलंडहून किंवा रुमानियाहून आलेल्या मुलाला हे विचारले जात नव्हते. त्याची खापरपणजी काही जास्त प्रकाशात उभी नव्हती.

मला वाटते, या विषयातली खरी गोम येथे आहे. जन्मस्थानाचा पुरावा एका ठिकाणी संपतो. सुईण होती, घर होते, तारीख होती. दोन माणसे साक्षीला आली की झाले. नागरिकत्वाचा पुरावा म्हणजे तर एक कागद; तो असतो किंवा नसतो. कुळाचा पुरावा मात्र कधीच संपत नाही. बाप दाखवला तर आजा कोण, आजा दाखवला तर त्याची आई कोण. त्यामुळे कोठे थांबायचे हे ज्याच्या हातात असते, तोच निकाल देत असतो. आणि ज्याला त्याने आपला मानलेले असते त्याच्या बाबतीत तो पहिल्याच पायरीवर थांबतो.

महाभारतकाराला हे चांगले माहीत होते. शस्त्रस्पर्धेच्या रंगमंडपात कर्ण पुढे आला तेव्हा कृपाचार्यांनी आधी अर्जुनाचे कूळ जाहीर केले आणि मग कर्णाला त्याचे आईबाप विचारले. कर्णाची मान खाली गेली. दुर्योधनाने काय केले? त्याने कुळाला उत्तर दिले ते राज्याने. तेथल्या तेथे त्याला अंगदेशाचा अभिषेक केला. आजच्या भाषेत नागरिकत्वाचा कागद हातात दिला. आणि भीम जेव्हा सूतपुत्र म्हणून हिणवू लागला तेव्हा दुर्योधनाने जे सुनावले ते बिनतोड होते : शूरांचे आणि नद्यांचे मूळ कळत नसते, हे द्रोण कलशातून जन्मले, हे कृप बोरूच्या बेटात सापडले, आणि तुम्हा पांडवांचे जन्म कसे झाले तेही आम्हाला ठाऊक आहे. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, ही आपली म्हण याच अनुभवातून आली असावी. लोक ती ऋषींच्या मोठेपणासाठी म्हणतात. मला तिच्यात विचारणाऱ्याला दिलेला इशारा ऐकू येतो. दुर्योधनाच्या तोंडी न्याय यावा, ही आणखी एक व्यासांची खोडी.

इस्राएलमधल्या बेने इस्राएलांना दुर्योधन मिळाला नाही. त्यांनी स्वतःच लढा दिला. मोर्चे काढले, जेरुसलेमला ठाण मांडून बसले. १९६४च्या उन्हाळ्यात हे आंदोलन इतके वाढले की, १७ ऑगस्टला क्नेसेटने, म्हणजे तेथल्या संसदेने, ठराव केला : बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी यहुदी आहेत आणि त्यांचे हक्क इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत. महिना संपण्याच्या आत रब्बींनी आपली सूचना बदलली. बदल कोणता? 'बेने इस्राएल' हे शब्द काढले आणि 'ज्याच्या कुळाविषयी शंका असेल असा कोणीही' अशा अर्थाचे शब्द घातले. चौकशी राहिलीच; एका समाजाचे नाव तेवढे तिच्यातून सुटले. हा लहान विजय नव्हे. दाराशी सर्वांना एकच प्रश्न विचारला जाणे आणि तुम्हालाच तेवढा विचारला जाणे, यांत मानहानीचे सगळे अंतर सामावलेले असते.

ज्या १९६२ साली ही चौकशी सुरू झाली, त्याच साली त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे अगदी उलटा खटला उभा होता. पोलंडमध्ये यहुदी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या ऑस्वाल्ड रुफायझेन या तरुणाने महायुद्धात स्वतःचा जीव धोक्यात घालून अनेक यहुद्यांचे प्राण वाचवले होते. लपून राहिला असताना त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पुढे तो कॅथलिक संन्यासी झाला आणि ब्रदर डॅनियल या नावाने हैफाच्या मठात राहू लागला. परतीच्या कायद्याखाली त्याने नागरिकत्व मागितले. यहुदी धर्मशास्त्र पाहावे तर यहुदी आईचा मुलगा धर्म बदलला तरी यहुदीच राहतो. न्यायालयाने मात्र सांगितले की, राज्याच्या कायद्यातला 'यहुदी' हा शब्द सामान्य माणसाच्या बोलण्यातल्या अर्थाने घ्यायचा; आणि ख्रिस्ती संन्याशाला सामान्य यहुदी माणूस यहुदी म्हणणार नाही. डॅनियलला पुढे रीतसर अर्ज करून, कोणत्याही परक्याप्रमाणे, नागरिकत्व मिळाले. म्हणजे ज्यांना राज्याने आपले म्हटले त्यांच्याविषयी धर्मपीठाला शंका, आणि ज्याला धर्मशास्त्र आपला म्हणते त्याला राज्याचा नकार. १९७० साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन यहुदी म्हणजे यहुदी आईचे अपत्य किंवा धर्मांतर करून आलेला, आणि दुसऱ्या धर्माचा नसलेला, अशी व्याख्या झाली. त्याच दुरुस्तीने यहुद्याच्या मुलांना, नातवंडांना आणि त्यांच्या जोडीदारांनाही येण्याचा हक्क दिला. तेव्हा येण्यासाठी एक माप आणि आल्यावर लग्नासाठी दुसरे, असा प्रकार होऊन बसला.

यावर कोणी म्हणेल, मग ही नावेच नकोत. माणूस म्हणावे आणि सोडून द्यावे. ऐकायला हे फार बरे वाटते. परंतु ज्यांची संख्या मोठी असते त्यांनाच ते परवडते. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने यहुदी समाजाला अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली, तेव्हा येथे उरलेल्या थोड्या कुटुंबांना त्याचा आनंदच झाला. तोवर सरकारी अर्जांत त्यांना धर्माच्या रकान्यात 'इतर' यावर समाधान मानावे लागे. 'इतर' हेही एक नावच आहे, आणि माझ्या मते सर्वांत रुक्ष. तेव्हा नाव असण्यात वाईट काही नाही. ते आपण घेतलेले आहे की कोणी डकवलेले, आणि नको असेल तर बाजूला ठेवता येते की नाही, याला महत्त्व आहे.

हे शेवटचे कलम किती अवघड आहे ते पाहायचे तर कोकणातूनच समुद्रापार गेलेल्या दुसऱ्या मंडळींकडे वळावे लागेल. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांत गिरमिटावर काम करण्यासाठी हिंदुस्थानातून लाखो मजूर मॉरिशसला नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या बाजूची मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आज तेथे आहेत. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, आणि आपल्या जाखडीचा 'झाकरी' नावाचा नाच तेथे अजून नाचला जातो. घरात मात्र बहुतेकजण क्रिओल बोलतात. तेथल्या शिरगणतीत घरी कोणती भाषा बोलता हा एक रकाना असे आणि पूर्वजांची भाषा कोणती हा दुसरा. मराठीचा एक शब्द ज्याच्या तोंडी नाही तोही या दुसऱ्या रकान्यात 'मराठी' असे लिही. दिमोनातला एखादा म्हातारा बेने इस्राएल अस्खलित मराठी बोलतो, 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्या देशात निघाले. त्याला तेथे कोणी मराठी म्हणत नाही. मॉरिशसचा तरुण क्रिओलमध्ये स्वप्ने पाहतो आणि मराठी म्हणवतो. दोघांत अधिक मराठी कोण, हा प्रश्न मी सोडवायला घेत नाही. दोघांनाही आपल्या नावाबद्दल आपण काय म्हणतो याची वाट पाहायची गरज पडू नये, एवढे मात्र वाटते.

त्या मॉरिशसच्या १९६८च्या राज्यघटनेत निवडणुकीच्या उमेदवाराने आपला समाज जाहीर करावा असे कलम आहे. समाज चार : हिंदू, मुसलमान, चिनी मॉरिशियन, आणि ज्याची जीवनपद्धती या तिघांत बसत नाही तो 'सामान्य लोकसंख्येत'. हेतू वाईट नव्हता. लहान समाजांना संसदेत जागा मिळावी म्हणून हरलेल्यांपैकी काहींना या हिशेबाने निवडून घेत. पण हिशेबाला शिरगणती लागते, आणि समाजवार शिरगणती तेथे १९७२ नंतर झालीच नाही. २००५ साली काही उमेदवारांनी आपला समाज लिहिण्यास नकार दिला. त्यांचे अर्ज फेटाळले गेले. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे गेले, आणि २०१२ साली समितीने सांगितले की, इतक्या जुन्या आकड्यांच्या आधारावर समाज जाहीर करण्याची सक्ती करणे हा त्यांच्या हक्कांचा भंग आहे. २०१४च्या निवडणुकीपुरती मॉरिशसने ती सक्ती उठवली. मला या उमेदवारांचे कौतुक वाटते. त्यांना कूळ नव्हते असे नाही, ते लपवायचे होते असेही नाही. माझे कूळ मी सणाला सांगीन, मतपेटीपाशी सांगणार नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता.

कुळाचे असे; मग जमिनीचे तरी सरळ असावे? गोव्याचे फादर मोंतेरो यांचे प्रकरण वाचल्यावर तसेही म्हणवत नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२च्या मार्चमध्ये हुकूम निघाला की, जो स्वतः किंवा ज्याचे आईबाप वा आजीआजोबा त्या तारखेच्या आत तेथे जन्मले, तो भारताचा नागरिक. मात्र ज्याला जुने नागरिकत्व ठेवायचे असेल त्याने महिन्याभरात तसे लिहून द्यावे. फादर मोंतेरो यांनी पोर्तुगीज राहण्याचे लिहून दिले आणि ते राहिले गोव्यातच. परवान्याची मुदत संपली, त्यांनी ती वाढवून घेतली नाही, आणि जन्मभूमीत परवान्यावाचून राहणारा परदेशी म्हणून त्यांना शिक्षा झाली. १९६९ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबरच होता; निवड त्यांनी स्वतः केली होती. तरीही एक माणूस जागचा न हलता परदेशी होतो, कारण रेषा त्याच्या अंगावरून सरकते, हे वाचताना मन थोडे थबकते. आज गोव्यातली अनेक तरुण मुले आजोबांच्या जन्माच्या नोंदीवर लिस्बनचा पासपोर्ट काढतात आणि परदेशात कामाला जातात. त्यासाठी भारताचे नागरिकत्व त्यांना सोडावे लागते. आपली घटना दोन नागरिकत्वे मानीत नाही. आजोबांना नकोसा झालेला शिक्का नातवाच्या पोटापाण्याचा झाला आहे.

आणि आपल्या स्वतःच्या कायद्याकडे पाहा. १९५५चा नागरिकत्वाचा कायदा जन्मभूमीला मान देणारा होता. परदेशी वकिलांची मुले असे थोडे अपवाद सोडले तर जो भारतात जन्मला तो भारतीय, आईबाप कोणी का असेनात. १ जुलै १९८७ पासून आई किंवा बाप भारतीय असण्याची अट आली. डिसेंबर २००४ पासून दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. एकाच प्रसूतिगृहात, एकाच खाटेवर ३० जूनच्या रात्री जन्मलेले मूल आणि १ जुलैच्या पहाटे जन्मलेले मूल यांच्यापैकी पहिल्याला जमीन पुरली आणि दुसऱ्याला आईबाप दाखवावे लागले. या बदलांमागे आसामसारख्या प्रांतांतली खरीखुरी धास्ती होती, ती मी नाकारीत नाही. पण जमिनीकडून आपण कुळाकडे सरकलो आहोत, आणि कुळाच्या पुराव्याला तळ नसतो, हे सरकताना कोणी फारसे बोलले नाही. ज्याच्या घरी पेटीत कागद आहेत त्याला याची झळ लागत नाही. पुराने ज्याची पेटी नेली त्याला लागते.

तरी कूळ आणि जमीन या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या आहेत का, अशीही शंका अधूनमधून येते. बीरशेबात जन्मलेल्या मुलाला शाळेत 'होदी' म्हणतात, तेव्हा त्याने भारत पाहिलेलाही नसतो. आईबापांचे जन्मस्थान एका पिढीत त्याचे कूळ झालेले असते. मुंबईतला पेणकर तरी वेगळा कोठे आहे? पेण हे कोण्या एका पूर्वजाचे नुसते राहण्याचे ठिकाण होते. शेजाऱ्यांनी त्याला त्यावरून हाक मारली, आणि आता ते रक्तासारखे पोरानातवांत उतरते. ते पेणकर हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बेने इस्राएलही आहेत. तिकडे गेल्यावर काहींनी आडनावे बदलून हिब्रू वळणाची घेतली; काहींची मात्र अजून 'कर'च आहेत.

त्यांतले कोणी कोणी आता म्हातारपणी, किंवा त्यांची नातवंडे तरुणपणी, अलिबागेला येतात. खंडाळ्याला एलिया पैगंबराच्या जागेपाशी मलिद्याचे ताट ठेवतात. नवगावच्या जुन्या दफनभूमीत जाऊन येतात. अलिबाग शहरात त्यांच्या प्रार्थनामंदिराजवळच्या वस्तीला इस्राएल आळी म्हणतात. आळीत यहुद्यांची घरे आता अगदी मोजकी उरली आहेत, बाकीच्या घरांतून दुसरीच माणसे राहतात, आणि कोणी पत्ता विचारला तर तीही सांगतात, "आम्ही इस्राएल आळीतले."